औषधाचा वास

१

विनीतला मिरकरवाड्याच्या जेटीवर आणून निजवला तेव्हा त्याचे ओठ विडा खाल्ल्यासारखे लाल होते. विनीत विडा खात नव्हता. पण त्या सकाळी ओठांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते केरू तांडेलाच्या एका वाक्याकडे.

केरूच्या ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. असं झालं की पाणबुड्याला बोलावतात. तो पाठीला हवेची टाकी बांधतो, टाकीच्या नळीचं रबरी बोंड दातांत धरतो आणि खाली जाऊन सुरीने जाळं कापतो. विनीत हे काम वर्षानुवर्षं करत आला होता. एरवी तो मांडवीला सुजयच्या डायव्हिंग सेंटरवर पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवायचा. त्या दिवशी उजाडता उजाडता तो खाली गेला. बुडबुडे येत राहिले, पण खुणेच्या दोरीला खालून हिसका काही मिळेना. शेवटी केरूने स्वतः उडी टाकली, त्याला वर काढलं, दातांत घट्ट धरलेलं बोंड ओढून घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "औषदाचा वास मारतोय ह्याला."

माघ महिना, कलमांना मोहोर आलेला. आमच्याकडे या दिवसांत औषध म्हटलं की लोकांना एकच सुचतं, मोहोरावर मारायचं फवारणीचं. गाडी दवाखान्यात पोचायच्या आधी ते वाक्य तिथे पोचलं होतं आणि वाटेत भरलंही होतं. विनीतच्या अंगात फवारणीचं औषध गेलंय. त्याचं सामान आदल्या दिवशी बायकोने धुतलंय. आणि घरामागे तर कलमंच आहेत.

डॉक्टरांनी विषावरच्या सुया सुरू केल्या.

निरोप आला तेव्हा आम्ही विनीतच्याच पडवीत चहा पीत होतो. आम्ही म्हणजे गोदूबाई कीर्तनकार आणि मी, त्यांचा पेटीवाला. माघी गणपतीच्या उत्सवात बाईंचं कीर्तन मांडवीच्या देवळात असतं आणि आमचं उतरणं विनीतच्या आईकडे, मालनताईंकडे. बाईंचा आवाज आता जरा चिरलाय, पण देवाने त्यांचे कान आणि नाक अजून कोरे करकरीत ठेवलेत. समोर बसलेल्यांत कोण पेंगतंय, कोण रडतंय आणि कोण रडण्याचं सोंग करतंय, हे त्यांना पूर्वरंगातच कळतं.

आदल्या संध्याकाळचं कीर्तन तर असं रंगलं होतं की माझी बोटं अजून पेटीवरच होती. एवढंच की आरतीच्या वेळी तबकात कापूर नव्हता. यंदा उत्सवाचा मान सुजयकडे, भीमसेनी कापराचा पुडा त्यानेच आणायचा होता. विसरलो म्हणाला. बाईंनी तुपाच्या वातीवर आरती केली आणि कुणाला काही वाटलं नाही.

मालनताईंनी निरोप ऐकला, पदर खोचला आणि सुनेकडे वळून एवढंच विचारलं, "कुठल्या बादलीत भिजवलंस?"

शमिकाने मागच्या दाराकडे पाहिलं. तिला आठवत नव्हतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

२

घरात निळ्या बादल्या दोन, जुळ्या भावंडांसारख्या. एक धुण्याची, दुसरी परड्यात औषध कालवायची.

मालनताई एकट्याच दवाखान्यात गेल्या. सुनेला नेलं नाही. कुंपणापलीकडे बायका जमल्या, हळू बोलल्या, पण ऐकू जाईल इतकं हळू. हवालदार जेवणवेळेनंतर यायचे होते.

गोदूबाई शमिकाला शोधत मागच्या दारी गेल्या, मी त्यांच्या मागे. ती न्हाणीच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात निळी बादली, तिच्या तळाला सामान भिजवलेलं राहिलेलं पाणी, आणि तिच्या हातात त्याच पाण्याने भरलेलं भांडं.

"मावशी, अडवू नका," ती म्हणाली. "हे प्यायले की समजेल. मला काही झालं नाही तर बादली चांगली होती. झालं तर झालं. त्यांना मीच मारलं असेल तर मागे राहून करू काय?"

बाईंनी भांड्याला हात लावला नाही. त्या पायरीवर तिच्या शेजारी टेकल्या आणि एखादीला फणसाच्या भाजीची कृती विचारावी तशा म्हणाल्या, "कसं धुतलंस ते सांग बघू. पहिल्यापासून."

शमिका सांगू लागली. गेले काही दिवस विनीत म्हणत होता की नळीतून घाण वास येतो, वर आलं की डोकं ठणकतं, मळमळतं. पाणबुड्याच्या सामानाला वास धरतोच. घाम असतो, खारं पाणी असतं, आणि थंडीत माणूस सूटमध्ये काय काय करतो ते दर्यालाच ठाऊक. म्हणून तिने रिठे भिजत घातले. कोमट पाण्यात सूट उलटा करून बुडवला. बोंड खायच्या सोड्याने चोळलं. नळीच्या टाकीकडच्या तोंडाला टोपण घट्ट बसवून ती बाहेरून धुतली, सगळं गोड्या पाण्यातून काढलं आणि सावलीत वाऱ्यावर टाकलं, कारण उन्हात रबर तडकतं. संध्याकाळी तिने बोंड स्वतः हुंगून पाहिलं होतं. विनीत हसून म्हणाला होता, आता ह्यात भजी वाढलीस तरी खाईन.

"हुंगलंस तेव्हा कसला वास?"

"कसलाच नाही. देवाशप्पथ."

"आणि बाकीचं पाणी कुठे ओतलंस?"

"अळवात."

बाईंनी परड्याकडे बोट केलं. अळवाच्या वाफ्यात ते पाणी अजून साचलेलं होतं आणि मालनताईंच्या कोंबड्या त्यात चोची बुडवून माना वर करत होत्या, जणू तीर्थ घेतायत.

"कालपासून पितायत," बाई म्हणाल्या. "फवारणीचं असतं तर एव्हाना तंगड्या वर करून पडल्या असत्या. तुझी बादली चांगली होती, बाय."

मग त्यांनी भांडं तिच्या हातातून अलगद घेतलं. शमिका अशी रडली की कुंपणापलीकडचं बोलणं थांबलं. पण रडता रडताच तिने मान वर केली, आणि तिने जे विचारलं तेच माझ्याही मनात आलं होतं.

"मग मावशी, संध्याकाळी ज्याला वास नव्हता, त्याला सकाळी वास आला कुठून?"

३

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि थकलेले. कोंबड्यांची गोष्ट त्यांनी हसण्यावारी नेली नाही. त्यांनाही काही जुळत नव्हतं. फवारणीचं औषध अंगात भिनलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो. विनीतचं तसं काहीच नव्हतं. बोटाला लावलेलं यंत्र तर सांगत होतं की रक्त प्राणवायूने भरलेलं आहे. म्हणून नाकाला नावापुरती बारीक नळी ठेवली होती. आणि तरी तो तासागणिक अधिक खोल चालला होता.

"सुया चालू ठेवू की बंद करू, मला कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा खाली श्वासातून काय घेत होता ते कुणीतरी सांगा. दिवस मावळेपर्यंत कळलं नाही, तर पुढे कळून उपयोग नाही."

मालनताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. शमिका दारात आली तशी त्यांनी तोंड फिरवलं.

केरू तांडेल बाकावर बसला होता. अंगावरची लुंगी अंगावरच वाळलेली. बाई त्याच्या शेजारी बसल्या तसा तो भडाभडा बोलू लागला. त्याच्या बोलण्यात सकाळची सगळी थंडी होती. बोटं वळत नव्हती, चहावाला उघडला नव्हता, विनीत मात्र उड्या मारत आला होता. त्याची टाकी होडीत चढवली ती केरूने. "तेवढाच काय तो शेक मिळाला बाय," तो म्हणाला. "टाकी कोमट होती. मी दोनी हात लावून बसलो, पोटाशी मांजर घेतल्यागत."

बाई त्याच्याकडे सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "केरू, औषधाचा वास म्हणालास. कुठल्या औषधाचा?"

"कुठल्या म्हंजे? पडशावरचा. पोरांच्या छातीला चोळत नाय काय, त्यातला."

"फवारणीचा नव्हे?"

"फवारणीचा वास मी वळखत नाय?" केरू चिडला. "मी कुठं फवारणी बोललो? फवारणी लोकांनी लावली त्याला." आणि मग एकाएकी त्याला कळलं की त्याच्या एका शब्दावर काय काय उभं राहिलंय. त्याने आधी शमिकाकडे पाहिलं, मग आतल्या सुयांच्या स्टँडकडे, आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "आई शप्पथ. माझ्या जिभेने मारला काय रे त्याला?"

"जिभेने नाही. पण आता तीच सोडवेल. आणखी काय पाहिलंस?"

"ओठ. नवरदेवासारखे लाल."

बाई उठून आत गेल्या. विनीतच्या तोंडावर वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग झपाट्याने बाहेर आल्या.

"पेटीवाले, रिक्षा बघा. मांडवीला," त्या म्हणाल्या. "असं लाल तोंड मी एकदा पाहिलंय. ती बाई जिवंत नव्हती."

४

रिक्षात त्यांनी सांगितलं. तरुणपणी एका गावी कीर्तनाला गेल्या असता बाळंतिणीच्या खोलीचं दार फोडताना त्या हजर होत्या. थंडीसाठी दारंखिडक्या लावून आत शेगडी ठेवलेली. बाळंतीण गेलेली, पण गाल आणि ओठ असे, की नटून निजलीय. वैद्य म्हणाले होते, कोंडलेला धूर. त्यातलं मारणारं जे असतं ते दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. वास असतो तो त्याच्याबरोबरच्या सोबत्यांना.

केरू आमच्याबरोबर होता. तो म्हणाला, पाण्याखाली कसला आलाय धूर?

सुजयचं सेंटर म्हणजे वाळूच्या कडेला एक पत्र्याची शेड. आत भाड्याचे सूट टांगलेले. बाईंनी एक जवळ ओढला. वरून अत्तराचा घमघमाट, आणि अत्तर ओसरलं की खालून मुतारी.

"हे धूत नाहीत," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "झाकतात."

शेडमध्ये दोघंच होते. एक सुजय, दुसरा ओमकार, विनीतच्या जोडीचा पाणबुड्या. गेल्या आठवड्यात दोघांची हातघाई झाली होती, हे वाटेत रिक्षावाल्यानेही सांगितलं होतं. ओमकारने ते लपवलं नाही. भांडण वासावरूनच झालं. विनीत म्हणे नळीला वास येतो, तू धूत नाहीस. ओमकार म्हणे तुझं नाक नासलंय. आता तो मान खाली घालून बसला होता आणि हाताने वाळू उकरत होता. टाक्या कोण भरतं असं बाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाला मी, आणि दुपारीच भरतो. हवा दाबून भरायचं ते यंत्र पेट्रोलवर चालतं. दुपारी वारा दर्यावरून येतो, म्हणून यंत्राची हवा ओढायची नळी समुद्राकडे केलीय आणि धूर मागे गावाकडे जातो. कालही त्याने दुपारीच टाक्या भरून ठेवल्या होत्या.

"त्यातलीच विनीतने नेली," सुजय मध्येच म्हणाला.

सुजय मोठ्या मनाचा माणूस म्हणून मांडवीत प्रसिद्ध. त्याचे डोळे रडून सुजले होते. दवाखान्याचं सगळं मी बघतो, म्हणाला. आणि हात जोडून बाईंना म्हणाला, "शमिकाला कुणी बोल लावू नका. अजाण पोर. बादली चुकली असेल हातून."

"बादली चुकली हे तुला कुणी सांगितलं?"

"गावच सांगतंय."

बाईंनी मान डोलावली. जायला वळल्या, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आज तरी आरतीला कापूर आणशील ना, सुजय?"

सुजयने उत्तर दिलं, आणतो म्हणाला. पण तोंड उघडायच्या आधी त्याने यंत्राच्या त्या नळीकडे पाहिलं होतं.

५

बाई नळीशी गेल्या. तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याच्या आत कापसाचा बोळा. त्यांनी बोळा उलगडला. पांढरे खडे वाळूवर पडले आणि देवळातला वास शेडभर पसरला.

"हे घे तुझं औषध, केरू," त्या म्हणाल्या.

केरूने एक खडा हुंगला आणि मान हलवली, हाच.

बाई कीर्तनाला उभ्या राहतात तशा, एक पाऊल पुढे टाकून उभ्या राहिल्या. आवाज मात्र चढवला नाही.

"ओमकारने काल दुपारी भरलेली टाकी आज पहाटेपर्यंत बर्फासारखी झाली असती. केरूने तर तिच्यावर हात शेकले. ताज्या भरलेल्या टाकीलाच ऊब असते, हो ना ओमकार? म्हणजे ती टाकी पहाटे भरली. आणि माघातल्या पहाटे वारा कुठला?"

"मतलई," ओमकार पुटपुटला. "जमिनीवरचा. दर्याकडे जातो." आणि तो ताडकन उठला. त्याला पुढचं दिसलं. पहाटे धूर गावाकडे जात नाही. समुद्राकडे जातो, थेट नळीच्या तोंडात.

"नळीच्या पुढे वास खाणारा कोळसा असतो ना रे?"

"असतो. जुना झालाय. मी किती वेळा सांगितलं ह्यांना."

"झालाच असणार. कोळशात जीव असता तर त्याने कापूरही खाल्ला असता, केरूच्या नाकापर्यंत तो पोचलाच नसता." मग त्या सुजयकडे वळल्या. "शमिकाने सामान लख्ख धुतलं, पण वास सामानाचा नव्हताच. वास हवेचा होता. तो विनीतला रोज सांगत होता, वर ये. तू त्या वासालाच गप्प केलंस. धूर ठेवलास आणि ओरडणाऱ्याचं तोंड देवाच्या कापराने बांधलंस."

सुजय वाळूवरचे खडे पायाने झाकू लागला. बाहेर लाटा येत होत्या. त्या वेळी मला एकच दिसत होतं, दवाखान्यातली ती बारीक नळी आणि खिडकीत उतरत चाललेलं ऊन.

बाई त्याच्याजवळ गेल्या आणि, मला वाटलं नव्हतं, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोलिसांचं नंतर, बाळा. लोकांचं नंतर. तिकडे डॉक्टर भलत्याच विषावरची सुई टोचतायत. माझं सगळं अनुमान आहे, तुझं पाहिलेलं आहे. पहाटे भरलीस का, एवढंच सांग. एका होकारावर त्याचा जीव आहे."

सुजय गुडघ्यांवर बसला.

"भरली," तो म्हणाला. "ओमकारने भरलेल्या काल संध्याकाळी पर्यटकांना दिल्या. पहाटे विनीतचा फोन आला, गेले काही दिवस टाक्या कमी पडल्या की करतो तसं घाईत यंत्र चालू केलं. धूर आत जातो हे ठाऊक होतं, पण थोड्याने काय होतंय असं वाटलं. पर्यटक वासाची तक्रार करत होते म्हणून कालच कापूर बांधला होता. त्याने हवा शुद्ध होते ना हो, बाई? देवळात आपण लावतोच ना?"

मी तेव्हा डॉक्टरांना फोन लावला होता. मी फक्त म्हणालो, पेट्रोलच्या इंजिनाचा धूर, टाकीत दाबून भरलेला. डॉक्टर फोन न ठेवताच धावले. रक्तात भरलेल्या धुराला ते बोटावरचं यंत्र प्राणवायूच समजतं, हे त्यांनी मागाहून सांगितलं. यंत्रालाही झाकलेलं उघडं करता येत नाही.

६

त्या संध्याकाळी कीर्तन होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. बाई म्हणाल्या, आज नाही तर कधी. मंडप भरला. सुजय नव्हता. केरू आणि ओमकारबरोबर तो आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला होता. बाईंनी त्याचं नाव घेतलं नाही, कुणाचंच घेतलं नाही. फक्त त्या दिवशीच जुळवलेलं एक पद लावलं:

दारी शिंपिला सुगंध । खाली कुजे मूळकंद ॥

आणि म्हणाल्या, देवाने दुर्गंधी उगाच केली नाही. ती आपली गुरवीण आहे, आत काहीतरी बिघडलंय म्हणून घंटा वाजवते. घंटा बांधून ठेवू नका, गाभारा धुवा. पेटीचे सूर माझ्या बोटांखाली ओले होत होते. आरतीला पुन्हा तुपाचीच वात होती. कापूर आणायची कुणाची छाती झाली नाही.

दवाखान्यात तोवर विनीतच्या तोंडावर घट्ट मुखवटा बसवून जोराचा प्राणवायू सोडला होता. आम्ही गेलो तेव्हा शमिका एका बाजूला उभी, मालनताई दुसऱ्या बाजूला, मध्ये तो. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पहिली रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि ओळख पटायला बराच वेळ घेतला. मुखवटा जरा बाजूला केला तेव्हा त्याने शमिकाकडे बघून जे विचारलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"पाण्यात काय घातलं होतंस?" तो म्हणाला. "किती छान वास होता. मी मुद्दाम मोठे श्वास घेत होतो."

शमिका तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. मालनताई तिच्या मागे गेल्या.

विनीत घरी आला, पण डावा हात कापतो, आणि पुन्हा पाण्यात उतरायचं की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. आम्ही निरोप घ्यायला गेलो तेव्हा पोलिसांनी त्याचा सूट परत पाठवला होता. पडवीत पडलेला, खाऱ्या पाण्याने आणि कापराने आंबलेला. शमिका त्या सूटजवळ जात नव्हती. वळसा घालून जायची.

मालनताई मागच्या दारी गेल्या. रिठे फोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग त्या निळी बादली कोमट पाण्याने भरून घेऊन आल्या, सुनेच्या पायांशी ठेवली आणि म्हणाल्या,

"घाल भिजत. ह्याच बादलीत घाल."